शनिवारची गाडी

मित्रहो, आज ज्या बाईंविषयी बोलायचे आहे त्यांचे पूर्ण नाव खेर्टराउडा वाइसम्युलर-मायर. ते आपल्या जिभेवर सहज बसत नाही, आणि ज्या मुलांना त्यांनी आगगाडीतून, बोटीतून, प्रसंगी सीमेवरच्या शिपायांच्या देखत पलीकडे नेले त्या मुलांनाही ते जड जात असणार. मुले त्यांना ‘तांते ट्रूस’ म्हणत. मावशी, आत्या, काकू, मामी या आपल्याकडच्या चारही नात्यांना डच आणि जर्मन भाषांत हा एकच शब्द पुरतो. मी त्यांना ट्रूसबाई म्हणणार आहे. मुलांच्या बाजूने बोलताना मात्र ट्रूसमावशी म्हणावेसे वाटते, कारण आईचा हात सुटलेल्या मुलाला त्या क्षणी आईच्या बहिणीइतके जवळचे दुसरे कोणते नाते हवे असणार?

१९३८ च्या डिसेंबरपासून १९३९ च्या सप्टेंबरपर्यंत जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया आणि पोलंडच्या काही भागांतून सुमारे दहा हजार मुले, त्यांतली बहुसंख्य ज्यू, आईवडिलांशिवाय ब्रिटनमध्ये पोहोचली. इतिहासात याला ‘किंडरट्रान्सपोर्ट’ म्हणजे मुलांची वाहतूक असे रुक्ष नाव आहे. त्यातल्या व्हिएन्नाहून निघालेल्या पहिल्या मोठ्या गाडीची परवानगी ट्रूसबाईंनी आडोल्फ आइखमान या नाझी अधिकाऱ्याकडून, म्हणजे पुढे लक्षावधी ज्यूंना मृत्युछावण्यांकडे धाडणाऱ्या माणसाकडून, मिळवली, आणि त्यांच्याविषयी जे काही लिहिले-बोलले जाते ते बहुतेक या एका भेटीभोवती फिरते. ती भेट सांगितल्याशिवाय मलाही पुढे जाता येणार नाही. पण अनेक वर्षे हा विषय वाचत असताना माझे असे मत झाले आहे की ती भेट हा चमत्कार नव्हता. त्या सोमवारी त्या कचेरीत उभे राहण्याची तयारी त्यांच्या अंगी आधीची कित्येक वर्षे कुणाच्या नजरेत न भरणारी कामे करून आलेली होती, आणि मला आज मुख्यतः त्या तयारीविषयी बोलायचे आहे.

ट्रूसबाईंचा जन्म २१ एप्रिल १८९६ रोजी हॉलंडमधल्या आल्कमार या गावी झाला. वडील औषधांच्या दुकानात काम करीत, आई कपडे शिवीत असे. घर काही श्रीमंत नव्हते, पण पहिल्या महायुद्धानंतर मध्य युरोपात उपासमार सुरू असताना या घराने तिकडचे एक मूल आपल्याकडे आणून सांभाळले. परक्याचे मूल आपल्या ताटावर बसू शकते, ही गोष्ट घरात भाषणाने नव्हे तर अशी कळलेली होती. पुढे त्या आम्स्टरडॅमला आल्या, व्यापारी शिक्षण घेतले, बँकेत नोकरी केली आणि १९२२ साली योप वाइसम्युलर या बँकव्यवसायातल्या गृहस्थांशी विवाह केला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नोकरी सुटली. आपल्याला मूल होणार नाही हे कळल्यावर पतीच्या प्रोत्साहनाने त्या समाजकार्यात शिरल्या. घरी आजारपण-बाळंतपण असलेल्या कुटुंबांना मदतनीस पुरवणारी एक संस्था आणि नोकरीवर जाणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठीचे एक पाळणाघर, यांचा कारभार त्यांनी पाहिला. स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेतही त्या होत्या आणि तिथेच पुढे ज्यांच्याबरोबर मुलांच्या सुटकेचे काम करायचे होते अशा मैत्रिणी त्यांना भेटल्या.

आता पाळणाघराचा कारभार म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांनी केले आहे त्यांना सांगायला नको. किती मुले आली, कोण न जेवता झोपले, कुणाला ताप आहे, कुणाची आई वेळेवर आली नाही, दूध किती उरले, पैसे कुणाकडून येणे आहेत आणि कुणाकडे मागायला जाताना कोणत्या शब्दांत बोलायचे. या कामाला कुणी पराक्रम म्हणत नाही. पण सहाशे मुले पाच दिवसांत गाडीत बसवायची वेळ येते तेव्हा नेमके हेच येत असावे लागते.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि जर्मनीतून ज्यू कुटुंबे हॉलंडमध्ये येऊ लागली. त्या वर्षापासून ट्रूसबाई ओळखीच्या लोकांच्या सांगण्यावरून जर्मनीत जाऊन मुले घेऊन येऊ लागल्या: कुणाचा भाचा, कुणाची पुतणी, कुणी शेजाऱ्याने सोपवलेले. हे सारे त्या स्वखुशीने करीत. पगार नाही, पद नाही. नवऱ्याच्या मिळकतीवर घर चालत होते आणि ते गृहस्थ बायको कुठल्या गाडीने कधी येणार याचा हिशेब न मागणारे होते. या पतीविषयी फारसे लिहिले गेलेले नाही, पण अशा कामात घरातल्या दुसऱ्या माणसाचा वाटा किती असतो हे जाणणाऱ्यांनी त्यांचे नाव विसरू नये असे मला वाटते.

१९३८ साल उजाडले तेव्हा परिस्थिती फार बिघडलेली होती. मार्चमध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला. व्हिएन्नात त्या वेळी पावणेदोन लाखांच्या आसपास ज्यू राहत होते. डॉक्टर, शिंपी, प्राध्यापक, दुकानदार अशा सर्व थरांतले. काही दिवसांतच म्हाताऱ्या माणसांना रस्त्यावर गुडघ्यांवर बसवून फरशी घासायला लावण्याचे प्रकार सुरू झाले आणि बघ्यांची गर्दी हसत उभी राहिली. बाहेर पडावे तर जायचे कुठे? ७ मे १९३८ रोजी हॉलंडचे न्यायमंत्री खोसेलिंग यांनी निर्वासितांना ‘अवांछित परकीय’ ठरवून सीमा जवळजवळ बंद केली. जुलै महिन्यात फ्रान्समधल्या एव्हियाँ इथे ३२ देशांचे प्रतिनिधी निर्वासितांच्या प्रश्नावर विचार करायला जमले, सहानुभूतीची भाषणे झाली, आणि बहुतेकांनी आपल्या देशात जागा नसल्याचे सांगितले. हॉलंडला मी मुद्दाम नावे ठेवत नाही, कारण दारे बंद करणाऱ्यांची यादी फार लांब होती. पण ट्रूसबाई ज्या देशाच्या नागरिक होत्या त्या देशाच्या सरकारी धोरणाविरुद्ध त्यांचे काम चालू होते, हे विसरून त्यांचे मोल कळणार नाही.

९ आणि १० नोव्हेंबरच्या त्या कुप्रसिद्ध रात्री जर्मनी आणि ऑस्ट्रियातली शेकडो सिनेगॉग जाळली गेली, हजारो दुकाने फोडली गेली आणि सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत डांबण्यात आले. सीमेवर एकटीदुकटी मुले दिसू लागल्याच्या बातम्या आल्या. ट्रूसबाई ताबडतोब सीमेकडे गेल्या. तिथे त्यांना यिद्दिश बोलणारा एक लहान पोलिश मुलगा सापडला आणि त्यांनी त्याला आपल्या घेरदार झग्याखाली लपवून डच बाजूला आणले. ही हकीकत आठवली की मला आजीच्या नऊवारी लुगड्याच्या ओच्यात लपणारी मुले डोळ्यांसमोर येतात. लपाछपीत जे मूल आपण होऊन करते, तेच इथे त्याला जीव वाचवण्यासाठी करायला सांगितले गेले होते.

इकडे लंडनमध्ये ज्यू संघटना आणि क्वेकर पंथीय कार्यकर्त्यांनी सरकारकडे लकडा लावला होता. २१ नोव्हेंबर १९३८ रोजी ब्रिटिश संसदेत या प्रश्नावर चर्चा झाली आणि गृहमंत्री सॅम्युएल होर यांनी सतरा वर्षांखालील मुलांना एकट्याने येऊ देण्याचे मान्य केले. अट अशी की त्यांचा भार सरकारी तिजोरीवर पडू नये. पुढे १९३९ मध्ये तर प्रत्येक मुलामागे ५० पौंडांची हमी भरावी लागू लागली. मुलांना परवानगी मिळाली, पालकांना नाही. या निर्णयाने दहा हजार जीव वाचले म्हणून त्याची स्तुती होते आणि ती योग्यच आहे, पण आईवडिलांनाही घेता आले असते हा विचार माझ्या मनातून जात नाही. बर्लिनहून निघालेली पहिली तुकडी, सुमारे दोनशे मुलांची, २ डिसेंबरला इंग्लंडच्या हॅरिच बंदरात उतरली. व्हिएन्नाची परिस्थिती बर्लिनपेक्षा वाईट असूनही तिथून मात्र मुले निघण्याची सोय होईना.

ब्रिटिश ज्यू नेते नॉर्मन बेंटविच यांनी डिसेंबरच्या सुरुवातीला ट्रूसबाईंना विचारले, तुम्ही व्हिएन्नाला जाऊन त्या अधिकाऱ्याशी बोलाल का? बाई दुसऱ्याच दिवशी निघाल्या. इथे क्षणभर थांबू. बेंटविच मोठे कायदेपंडित होते, लंडनमध्ये त्यांचे वजन होते, पण ते ज्यू असल्याने त्यांना त्या कचेरीत कुणी उभे केले नसते. हवी होती ती ज्यू नसलेली, चांगली जर्मन बोलणारी, मुलांना गाडीतून नेण्याचा अनुभव असलेली आणि एका दिवसाच्या निरोपावर घराबाहेर पडू शकणारी व्यक्ती. असे चारही गुण एका माणसात असणे दुर्मिळ, आणि बेंटविच यांना हे नाव सुचले ते पाच वर्षांच्या फेऱ्यांमुळे.

आइखमान त्या वेळी बत्तीस वर्षांचा होता. त्याचे ‘ज्यू स्थलांतराचे मध्यवर्ती कार्यालय’ व्हिएन्नाच्या प्रिन्झ-ऑयगेन रस्त्यावर रोथशिल्ड घराण्याच्या बळकावलेल्या प्रासादात थाटलेले होते. या कार्यालयाची रीत अशी की ज्यू माणूस एका दाराने आपल्या मालमत्तेची आणि हक्कांची कागदपत्रे घेऊन आत शिरे, आणि टेबलामागून टेबल फिरत दुसऱ्या दाराने बाहेर पडताना त्याच्या हाती देश सोडण्याचा परवाना तेवढा उरे. सोमवार, ५ डिसेंबरला ट्रूसबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. पुढची हकीकत मुख्यतः त्यांनी स्वतः नंतर सांगितली त्यावरून आपल्याला ठाऊक आहे. आइखमानने त्यांना हातमोजे काढून हात दाखवायला सांगितले. मग पायांतले बूट काढायला लावले, आणि झगा गुडघ्यांच्या वर धरून खोलीत इकडून तिकडे चालायला लावले. हातापायांवरून आणि चालीवरून ज्यू ओळखता येतो, अशी त्याची समजूत होती. तपासणी संपल्यावर तो उद्गारला की इतकी शुद्ध आर्य बाई आणि तरीही इतकी वेडी!

बेचाळीस वर्षांच्या, प्रतिष्ठित घरातल्या एका विवाहित स्त्रीला परक्या पुरुषाच्या कचेरीत असे चालावे लागणे म्हणजे काय, हे या सभागृहात बसलेल्या स्त्रियांना मी समजावून सांगण्याची गरज नाही. रागाने उठून जाण्याचा, दोन शब्द सुनावण्याचा पूर्ण अधिकार त्यांना होता. त्यांनी तो वापरला नाही. स्वतःचा मान ही त्या दिवशी खर्च करायची वस्तू आहे असे मानून त्यांनी ती खर्च केली, आणि मागणीवरून मात्र तसूभर ढळल्या नाहीत. धैर्याचे हे रूप आपल्या पोवाड्यांत सापडत नाही, पण मला ते फार मोठे वाटते.

शेवटी आइखमानने सहाशे मुले नेण्याची मुभा दिली. अट ही की ती सगळी त्याच शनिवारी, १० डिसेंबरला, व्हिएन्नाबाहेर पडली पाहिजेत.

शनिवार कशासाठी, हे महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, कळायला अवघड जाऊ नये. अलिबाग, पेण, रेवदंडा या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवणाऱ्या बेने इस्रायली कुटुंबांना आपले लोक ‘शनिवार तेली’ म्हणत आले, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. त्यांच्या घरची भाषा मराठी, पोशाख इथला, फक्त आठवड्यातला एक दिवस वेगळा, आणि त्या दिवसावरून गावाने त्यांना प्रेमाने एक नाव दिले. ज्यू धर्मात शब्बाथच्या दिवशी काम नाही, अग्नी पेटवणे नाही, प्रवास नाही. व्हिएन्नातल्या धर्मनिष्ठ कुटुंबांनी आपले मूल कायमचे दूर पाठवायचे ते नेमके ज्या दिवशी घराबाहेर दूर जायचे नसते त्या दिवशी, असा या अटीचा अर्थ होत होता. पण जीव वाचत असेल तर शब्बाथ मोडावा, अशी त्याच धर्मशास्त्राची आज्ञा आहे. एकाच दिवसाची दोन गावांतली ही दोन चित्रे शेजारी ठेवली की आपल्या कोकणातल्या त्या साध्या नावाची किंमत मला अधिक कळते.

सोमवार ते शनिवार. मधल्या दिवसांत काय काय करावे लागले असेल ते पाहा. सहाशे नावे ठरवायची. हे काम व्हिएन्नाच्या ज्यू समाजसंस्थेच्या कार्यकर्त्यांनी केले. स्वतःचीही सुटका झालेली नसताना रात्रंदिवस अर्ज चाळून त्यांनी याद्या केल्या, आणि ट्रूसबाईंचे कौतुक करताना या लोकांचे श्रम झाकले जाऊ नयेत. इंग्लंडच्या संमतीसाठी लंडनशी आणि मुले हॉलंडमधून जाणार म्हणून हेगमधल्या डच सरकारशी संपर्क साधायचा. गाडी, डबे, बोट यांची सोय लावायची. बरोबर जाणारी मोठी माणसे निवडायची, जी मुलांना पोहोचवून परत येतील. बरोबरची माणसे तिकडेच राहिली असती तर पुढच्या गाडीची परवानगी धोक्यात आली असती. परतणाऱ्यांत ज्यू माणसेही असत आणि आपण कुठे परततो आहोत ते त्यांना पक्के ठाऊक असे.

शनिवारी गाडी व्हिएन्नाच्या वेस्टबानहोफ स्थानकातून निघाली. मुलांच्या गळ्यात नंबराची चिठ्ठी, हातात स्वतःला उचलता येईल एवढीच पेटी, खिशात जास्तीत जास्त दहा मार्क. दागिने किंवा मौल्यवान वस्तू नेण्यास बंदी. आपण आपल्या मुलाला पहिल्यांदा एकट्याला एस.टी.त बसवतो तेव्हा कंडक्टरला दोनदा सांगतो, शेजारच्या बाईंना विनवतो, गाडी वळणाआड जाईपर्यंत उभे राहतो. इथे पाच-सहा वर्षांच्या पोराला भाषा न येणाऱ्या देशात पाठवायचे होते, पलीकडे कोण घेईल ते माहीत नव्हते, आणि मुलांना भीती वाटू नये म्हणून हसायचे होते. आम्ही लवकरच मागून येतो, असे बहुतेक आईवडिलांनी सांगितले. ते सांगताना अनेकांचा स्वतःचाही त्यावर विश्वास असेल. युद्ध सुरू झाल्यावर रेड क्रॉसमार्फत पाठवता येणारा निरोप फक्त २५ शब्दांचा असे, आणि पुष्कळ मुलांना १९४२ च्या सुमारास तेही २५ शब्द यायचे बंद झाले.

यांतल्या पुष्कळ गाड्यांच्या मार्गावर बेंटहाइम हे जर्मनीतले शेवटचे स्थानक लागे. तिथे डब्यांत शिपाई चढत, पेट्या उघडायला लावत, सामान विस्कटत. मग गाडी हळूहळू सीमा ओलांडून हॉलंडच्या ओल्डेनझाल स्थानकात येई. तिथल्या फलाटावर डच बाया मोठाली भांडी आणि टोपल्या घेऊन उभ्या असत. खिडक्यांतून आत कोकोचे गरम पेले आणि लोणी लावलेल्या पांढऱ्या पावाचे तुकडे दिले जात. लक्षात घ्या, या मुलांनी गेले कित्येक महिने अनोळखी मोठ्या माणसांकडून शिव्या, धक्के आणि दगड याखेरीज काही पाहिलेले नव्हते. आता अनोळखी बाई हात पुढे करते तो मारण्यासाठी नव्हे तर खाऊ देण्यासाठी, यावर विश्वास बसायलाही त्यांना थोडा वेळ लागत असेल. त्यानंतर हूक ऑफ हॉलंड बंदरातून रात्रीची बोट आणि सकाळी हॅरिच. व्हिएन्नाच्या त्या सहाशे मुलांपैकी पाचशे इंग्लंडला गेली आणि शंभर हॉलंडमध्ये राहिली.

एकदा वाट पडली आणि मग गाड्या सुरू राहिल्या. पुढचे नऊ महिने ट्रूसबाई कधी व्हिएन्ना, कधी बर्लिन, कधी हॅम्बुर्ग अशा सतत प्रवासात होत्या. बऱ्याच गाड्यांबरोबर स्वतः गेल्या, उरलेल्यांसाठी स्थानक, बंदर आणि मंत्रालय यांचे उंबरे झिजवत राहिल्या. सीमेवरच्या अधिकाऱ्यांना त्या टोपी घालून, ताठ मानेने, जणू काही सारे आधीच ठरलेले आहे अशा आवाजात सामोऱ्या जात. काही अधिकाऱ्यांशी गोड बोलल्या, काहींना भेटवस्तू दिल्या. आपले गोरे कातडे, आपला पासपोर्ट, आपली सामाजिक प्रतिष्ठा, जे जे नाझींच्या डोळ्यांना मान्य होते ते सगळे त्यांनी, ज्यांचे काहीच नाझींना मान्य नव्हते अशांसाठी वापरले. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि ही वाट बंद झाली.

हॉलंडमध्ये मात्र त्यांच्या हाताखाली अजून मुले होती. आम्स्टरडॅमच्या जुन्या नगर-अनाथालयात निर्वासित मुलांची सोय केलेली होती. ट्रूसबाई तिथे रोजच्यासारख्या जात, काही मुलांना आपल्या घरीही नेत. मुलांच्या आठवणींतली ‘तांते ट्रूस’ मुख्यतः या दिवसांतली आहे. १० मे १९४० रोजी जर्मन सैन्य हॉलंडमध्ये घुसले तेव्हा त्या पॅरिसला होत्या, एका मुलाच्याच कामासाठी. देशावर आक्रमण झालेले असताना देशाबाहेर असणे ही अनेकांना सुटका वाटली असती. त्या धडपडत उलट दिशेने आम्स्टरडॅमला परतल्या.

१४ मे. त्या दुपारी रॉटरडॅमवर बाँबफेक झाली. आम्स्टरडॅममध्ये बातमी पसरली की आयमौडन बंदरातून अजून जहाजे सुटत आहेत, आणि हजारो लोक त्या रस्त्याला लागले. मोटारी अडकल्या, पहारेकरी माणसांना मागे लोटू लागले. ट्रूसबाईंनी लष्करी अधिकाऱ्यांकडून जाण्याची परवानगी काढली, बसगाड्या मिळवल्या, अनाथालयातल्या मुलांना असतील त्या कपड्यांनिशी त्यांत बसवले आणि त्या गर्दीतून बंदर गाठले. ‘बोडेग्राव्हन’ नावाचे एक मालवाहू जहाज सुटण्याच्या बेतात होते. ७४ मुले त्यावर चढली. संध्याकाळी आठच्या सुमारास जहाजाने धक्का सोडला. हॉलंडच्या शरणागतीची घोषणा त्याच संध्याकाळी झाली होती. वाटेत जर्मन विमानांनी जहाजावर गोळीबार केला, पण ते वाचले आणि पाच दिवसांनी मुले लिव्हरपूलला उतरली.

त्या जहाजावर ट्रूसबाईंनाही जाता आले असते. गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, दफ्तरात त्यांचे नाव असणारच हे त्यांना कळत होते. त्या मागे राहिल्या, कारण आम्स्टरडॅममध्ये अजून माणसे होती. रिकाम्या बसगाड्या, जळत्या तेलसाठ्यांचा धूर आणि उलट दिशेने येणारी गर्दी, असा तो परतीचा रस्ता असेल.

व्याप्त हॉलंडमधल्या पाच वर्षांविषयी थोडक्यात सांगते. त्यांनी बेल्जियम-फ्रान्समार्गे माणसे बाहेर काढण्याच्या कामात भाग घेतला. याच काळात त्यांना गेस्टापोने पकडले आणि आम्स्टरडॅमच्या तुरुंगात ठेवले. पुरावा न मिळाल्याने काही दिवसांनी सोडावे लागले. याकोबा व्हान टोंगरेन या स्त्रीच्या नेतृत्वाखालील ‘गट २०००’ या भूमिगत संघटनेत त्या होत्या. हॉलंडमधल्या ज्यूंना पूर्वेकडे धाडण्याआधी जिथे डांबून ठेवत त्या वेस्टरबोर्कच्या छावणीत, आणि पुढे तिथून हलवलेल्या लोकांना, अन्नाची पार्सले पाठवण्याचे काम त्यांनी हाती घेतले. पुन्हा तेच पाहा: याद्या, दोरा, कागद, पत्ते, कोण जिवंत आहे आणि कुणाच्या पार्सलाची पोच आली नाही याची नोंद. सप्टेंबर १९४४ मध्ये वेस्टरबोर्कहून सुटलेल्या शेवटच्या गाडीत आईवडिलांचा पत्ता नसलेली पन्नासएक मुले होती. ही मुले मुळात ज्यू नाहीतच, असे जर्मन अधिकाऱ्यांना पटवण्याच्या खटपटीत ट्रूसबाई होत्या. ती मुले आधी बेर्गन-बेल्झन आणि मग टेरेझिएनश्टाट या छावण्यांत गेली, मृत्युछावणीत गेली नाहीत, आणि वाचली.

हॉलंडचे एकूण चित्र मात्र भीषण आहे. देशातल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. पश्चिम युरोपात दुसऱ्या कुठल्याही देशात हे प्रमाण इतके नाही. ज्या देशात शंभर मुले सुरक्षित म्हणून उतरवली, तोच देश दीड वर्षात सापळा झाला. कुणी विचारील की मग त्या सहाशेच्या सहाशे मुलांना इंग्लंडलाच का पाठवले नाही. १९३८ च्या डिसेंबरात पहिल्या महायुद्धात तटस्थ राहिलेला हॉलंड हे सुरक्षित घर वाटत होते. त्या क्षणाला जे ठाऊक होते त्यावरूनच माणसे निर्णय घेतात. तरीही ज्यांनी ती गाडी आणली त्या बाईंना पुढच्या आयुष्यात या शंभरांचा विसर पडला असेल असे मला वाटत नाही.

युद्धानंतर त्या आम्स्टरडॅमच्या नगरपालिकेवर निवडून आल्या आणि १९६६ पर्यंत नगरसेविका होत्या. अ‍ॅन फ्रँकच्या घराची देखभाल करणाऱ्या संस्थेच्या मंडळावरही त्यांनी काम केले. १९६१ साली जेरुसलेममध्ये आइखमानवर खटला उभा राहिला तेव्हा तो माणूस काचेच्या पिंजऱ्यात बसलेला साऱ्या जगाने पाहिला. ट्रूसबाईंनी त्याला बावीस-तेवीस वर्षांपूर्वी त्याच्या भरात पाहिलेले होते. १९६६ मध्ये नाझींनी मारलेल्या ज्यूंची स्मृती जपणाऱ्या इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्यांना ‘राष्ट्रांमधील नीतिमान’ हा सन्मान दिला. ३० ऑगस्ट १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. आल्कमार या त्यांच्या जन्मगावी पुतळा उभा राहायला २०२० साल उजाडावे लागले.

१९८९ साली, पन्नास वर्षांनंतर, किंडरट्रान्सपोर्टमधून आलेली मुले लंडनला मोठ्या संख्येने एकत्र जमली. तोवर सगळी साठीच्या आसपास पोहोचलेली होती, कुणी आजोबा, कुणी आजी. आपल्याला पलीकडे आणण्यासाठी व्हिएन्नात कोण कुणासमोर उभे राहिले होते, हे त्यांतल्या अनेकांना ठाऊकच नव्हते. ती बाई तर अकरा वर्षांपूर्वीच गेली होती. पण सीमेपलीकडच्या पहिल्या फलाटाविषयी विचारले की आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. खिडकीतून आत आलेला हात, कोकोचा पेला, आणि लोणी लावलेला पांढरा पाव.